राणीच्या नेमणुकीपासून रघुजीनगरपर्यंत

१८५४ साली सीताबर्डीत एक बाजार भरला. विकायला आले होते भोसल्यांच्या पागेतले घोडे, पीलखान्यातले हत्ती आणि गाड्यांचे बैल, आणि भाव मातीमोल होता. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. मागे मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा प्रश्न फेटाळून पुढच्या काही महिन्यांतच नागपूरचे राज्य खालसा केले आणि वाड्यातले जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले. सामानसुमान हलवायला साहेबाची माणसे महालात शिरली, तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाकाबाईसाहेब इतक्या संतापल्या, की वाड्याला आग लावून देईन अशी धमकी त्यांनी दिली, असे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची राणी. १८१८ नंतर तिसरे रघुजी लहान होते त्या काळात रेसिडेंट जेंकिन्सच्या बरोबरीने दरबाराचे सूत्र सांभाळलेली बाई. चाळीस वर्षांच्या राजकारणानंतर, आयुष्याच्या अगदी कडेला, ती कंपनीची पेन्शनर झाली. विक्रीतून जमलेल्या पैशाचा ‘भोसले फंड’ झाला आणि त्या घराण्याच्या नावाने त्याचा हिशेब राहिला. म्हणजे घरच्याच ठेव्यातला काही भाग परक्याच्या हातून, नेमणूक म्हणजे ठरावीक भत्ता म्हणून, परत घ्यायचा. १८५७ साली उत्तरेत आग लागली तेव्हा बाकाबाईंनी नागपूर शांत ठेवले. पुढच्या वर्षी त्या वारल्या. दत्तक आलेल्या जानोजींना ‘राजेबहादूर देऊर’ हा किताब आणि नेमणूक मिळाली, ती त्या निष्ठेची पोच होती.

उतारवयातले सुख, स्वावलंबन, घरातले नि समाजातले स्थान यांवर आज पुष्कळ लिहिले-बोलले जाते. सकाळचे फिरणे, छंद, नातवंडे, मनाची उभारी हे सगळे खरेच आहे. पण या सगळ्याच्या बुडाशी एक रुक्ष प्रश्न असतो: महिन्याच्या एक तारखेला म्हाताऱ्या माणसाच्या हातात येणारा पैसा कोणाच्या मर्जीवर येतो? मुलाच्या, मालकाच्या, सरकारच्या, की कोणाच्याच नाही? आपण या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत आणि त्यासाठी नागपूर सोडून फारसे कुठे जावे लागणार नाही. पेन्शनीची जवळजवळ सगळी रूपे या एका शहराने पाहिली आहेत. फक्त आधी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडे म्हातारपणाचे दोन हिशेब फार जुने आहेत. एक मनुस्मृतीचा: अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. हा हिशेब पुढे फार मिरवला गेला. दुसरा हिशेब कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला, आणि तो मात्र व्यवहाराचा आहे. ऐपत असून जो बायकामुलांना, आईबापांना, अज्ञान भावांना आणि अविवाहित किंवा विधवा बहिणींना पोसत नाही, त्याला बारा पणांचा दंड. पतित झालेल्यांना पोसण्याची सक्ती नाही. अपवाद आईचा, ती पतित असली तरी तिला पोसलेच पाहिजे. शिवाय बायकामुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्यालाही कौटिल्य दंड सांगतो. वनाची वाट धरायला हरकत नाही, पण आधी घरची तजवीज करून दाखवा, असा त्याचा रोख आहे. कामावर मेलेल्या राजसेवकाच्या बायकामुलांना अन्न आणि वेतन द्यावे, हेही त्यानेच लिहून ठेवले. पेन्शनरांच्या सभांमधून आणखी एका ग्रंथाचा दाखला हमखास दिला जातो, तो शुक्रनीतीचा: चाळीस वर्षे चाकरी केलेल्याला मरेपर्यंत अर्धा पगार, आणि त्याच्या मागे त्यातला अर्धा मुलाला किंवा सुशील पत्नीला. हा दाखला देताना थोडे सावध राहिलेले बरे. शुक्रनीती फार उशिराची, कदाचित कंपनी सरकारच्या काळातली रचना असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते खरे असेल तर आपण ज्याला प्राचीन आधार म्हणून पुढे करतो, तो इंग्रजी कचेरीच्या सावलीतच लिहिला गेला असेल! ‘सुशील पत्नी’ ही अट मात्र लक्षात ठेवू. वागणूक चांगली असेल तरच पैसा, हे कलम पुढे वेगवेगळ्या वेषांत पुन्हा भेटणार आहे.

मराठ्यांच्या राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी बालपरवेशी होती, विद्वानांना वर्षासन होते, राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळी-बांगडीसाठी गाव लावून दिलेला असे. यांत नुसत्या म्हातारपणासाठी वेगळे असे काही नव्हते. म्हातारपण हा घराचा विषय होता, आणि ज्या घरात सगळ्या वयांच्या हातांना काम असे तिथे तो फारसा विषयही नव्हता. नागपुरातल्या कोष्ट्यांचेच पाहा. इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौकाच्या आसपासच्या वस्त्यांत घरोघरी हातमाग होते. कर्ता पुरुष मागावर बसे आणि ज्याची नजर, कंबर आता मागाला साथ देत नाही ते म्हातारे माणूस ओसरीत बसून कांड्या भरी. त्याला कोणी निवृत्त म्हणत नसे. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. दुष्काळात आणि सुताच्या भाववाढीत पहिली उपासमार याच म्हाताऱ्यांची होत असे, आणि विधवा सासूला मिळणारा घास सुनेच्या मर्जीवर असे. पण अमुक तारखेपासून तू निकामी, असे कोणी कोणाला सांगत नव्हते, एवढे खरे.

ती तारीख गिरणीच्या भोंग्याबरोबर आली. १८७४ साली जमशेटजी टाटांनी ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. मुंबई सोडून कापसाच्या मुलखात, जुम्मा तलावालगतच्या दलदलीची भर घालून त्यांनी गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, ती सुरू झाली म्हणून नाव एम्प्रेस. आरंभी ४५० माग होते आणि माणसे मिळवणे ही खरी अडचण होती. शेतीच्या हंगामात, लग्नसराईत, सणावारी कामगार गावी निघून जात. कुठल्याही दिवशी पाचातला एक जण गैरहजर असायचा. दंड करून हे थांबणार नाही, हे जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी ओळखले. माणूस टिकायला हवा तर टिकण्यात त्याचा फायदा दिसला पाहिजे. १८८६ साली एम्प्रेस मिलने पेन्शन फंड सुरू केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आणला. आता तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहू. बिस्मार्कच्या जर्मनीत वृद्धापकाळाच्या पेन्शनीचा कायदा झाला १८८९ साली, आणि त्यात वयाची अट होती सत्तर. इंग्लंडमध्ये असा कायदा १९०८ चा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. तो सरकारी कायदा होता आणि हा एका मालकाचा फंड, त्यामुळे बरोबरी करता येणार नाही. पण विचार जुम्मा तलावाच्या काठी तीन वर्षे आधी पोचला होता, ही गोष्ट नागपुरात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

या फंडाकडे नुसते दयाबुद्धी म्हणून पाहणे जमशेटजींच्या हुशारीवर अन्याय करणारे ठरेल. त्यात दया होती आणि हिशेबही होता. मालकाला टिकाऊ कामगार हवा होता. कोष्टी आणि महार वस्त्यांमधून आलेल्या त्या कामगाराला, हात थकल्यावर काय, याचे पहिल्यांदाच घराबाहेरून उत्तर मिळत होते. बाप मागावर, मुलगा मागावर, नातू कांड्यांवर ही साखळी तुटली होती. गिरणीतल्या म्हाताऱ्याला ओसरीत बसून करण्यासारखे काम उरले नव्हते, आणि म्हणूनच त्याला रोख पैशाची गरज होती.

तिकडे सिव्हिल लाइन्सच्या बाजूला दुसरीच, सरकारी पेन्शन वाढत होती. १८७१ साली पेन्शन कायदा झाला. आजही लागू असलेल्या या कायद्याची दोन कलमे पाहण्यासारखी आहेत. अकराव्या कलमाने सांगितले की सावकाराला कर्जापोटी पेन्शन जप्त करता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ताटावर कोणाला हात टाकता येऊ नये, ही यातली समज. चौथ्या कलमाने मात्र सांगितले की पेन्शनीबद्दल सरकारवर दिवाणी दावा लावता येणार नाही. एका हाताने सावकारापासून वाचवायचे आणि दुसऱ्या हाताने माणसाला सरकारच्या मर्जीत ठेवायचे. पेन्शन नियमांत आणखी एक वाक्य शिरले: सेवा संपल्यानंतरची चांगली वर्तणूक ही प्रत्येक पेन्शनीची गृहीत अट आहे. बाकाबाईंच्या काळी ही अट लिहावी लागली नव्हती, सगळ्यांना ठाऊकच होती. आता ती छापून आली. महाराष्ट्राच्या १९८२ च्या पेन्शन नियमांतही ती जशीच्या तशी बसली आहे आणि निवृत्त होणारे फार थोडे लोक ती वाचतात.

१८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि शहराला कारकून, शिरस्तेदार, मास्तर, ओव्हरसियर यांचा एक नवा वर्ग मिळाला. पंचावन्नाव्या वर्षी कोट खुंटीला लावायचा, धंतोली-धरमपेठेत घर बांधायचे, महिन्याला ट्रेझरीत जाऊन सही करायची. हा पेन्शनर नागपूरच्या सामाजिक जीवनातले एक पात्र झाला. वाचनालयाची कार्यकारिणी, गणेशोत्सवाची वर्गणी, शाळेचे नियामक मंडळ त्याच्याशिवाय चालत नसे. घरात त्याचा शब्द चाले, त्याला वय हे एक कारण आणि एक तारखेचे पाकीट हे दुसरे. दोन्हींपैकी कोणते मोठे, ते ज्याला पाकीट नव्हते अशा त्याच्याच गावाकडच्या भावाला विचारायला हवे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. कचेऱ्या भोपाळला, मुंबईला वाटल्या गेल्या. त्यांच्याबरोबर माणसेही. कमावता मुलगा भोपाळला, बाप नागपुरात, अशी घरे या शहरात त्याच सुमारास दिसू लागली. आज पुण्या-बंगळुरूच्या आणि अमेरिकेच्या मुलांच्या मागे राहिलेल्या आईबापांबद्दल आपण हळहळतो. नागपूरने त्याची पहिली तालीम शासकीय आदेशाने केली होती. म्हाताऱ्यांना तेव्हा सावरले ते मनीऑर्डरीने आणि पेन्शनीने. शहरात हिशेबाची मोठी कचेरी मात्र राहिली. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीचे आदेश आजही नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून निघतात. नांदेडच्या तलाठ्याचे आणि गडचिरोलीच्या वनरक्षकाचे म्हातारपण याच कचेरीत आकड्यांत बसवले जाते.

या सगळ्या व्यवस्थेत बाई कुठे होती? पुष्कळ काळ कुठेच नव्हती. नवरा गेला की पेन्शन थांबे आणि ट्रेझरीच्या वहीत एक ओळ मारली जाई. काल ज्या बाईच्या घरात एक तारखेचा दबदबा होता, ती आज मुलाच्या दारी. केंद्र सरकारने १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आणली आणि मग राज्यांतही ती आली. माझ्या मते पेन्शनीच्या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी गाजलेला टप्पा आहे. यानंतर पहिल्यांदाच पन्नाशी-साठीतल्या हजारो विधवा स्वतःच्या नावाचे बँक खाते घेऊन, स्वतःच्या अंगठ्याने किंवा सहीने पैसे काढू लागल्या. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला बँकेत आलेल्या बायकांकडे नीट पाहावे. सुनेने आणून सोडलेली असते, पण पासबुक पिशवीच्या आतल्या कप्प्यात असते आणि ते सुनेला दिलेले नसते.

नागपुरातल्या बायकांनी सरकारची वाट न पाहता केलेले एक कामही इथे नोंदवले पाहिजे. कमलाताई होस्पेट या बालविधवा. परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी नागपुरात चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. त्यातून मातृसेवा संघ उभा राहिला, गावोगावी शाखा झाल्या. ज्या बायकांना समाजाने घराच्या कोपऱ्यात बसवले असते, त्यांना या संस्थेने परिचारिका करून स्वतःची कमाई दिली. जन्माच्या खोलीतून सुरू झालेली ही संस्था पुढे म्हातारपणापर्यंत आली, आणि तिने पंचवटी वृद्धाश्रम चालवला. महाराष्ट्रात वृद्धांसाठीच्या घराची परंपरा तशी जुनी आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार वृद्धांसाठी आश्रयस्थान १८६३ सालीच उभे राहिले, तेच आजचे ‘निवारा’. पण निराधारांचे आश्रयस्थान आणि पेन्शन मिळणारी व्यक्ती महिन्याचे शुल्क भरून राहते तो वृद्धाश्रम, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणूस आणून सोडला जातो. दुसऱ्यात कधीकधी तो आपणहून जातो, आणि शुल्काची पावती त्याच्या नावाची असते. वृद्धाश्रम म्हटले की डोळे पुसणाऱ्या मराठी मालिकांना हा फरक अजून कळलेला नाही.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची पेन्शन योजना आली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टीत लोकांनी पोलिसांशी झुंज घेतली होती आणि त्यातल्या अनेकांनी नागपूरच्या तुरुंगात दिवस काढले होते. सरकारी चाकरीच्या भाषेत ही वर्तणूक वाईटातली वाईट. तीस वर्षांनी त्याच वर्तणुकीचा दाखला जोडून पेन्शनीचे अर्ज भरले गेले. अट तीच राहिली, फक्त चांगले कशाला म्हणायचे ते उलटले.

मग येते १९८२, आणि आपण थोडे थांबतो. त्या वर्षी १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, नागपूरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी देह ठेवला. वय सत्त्याऐंशी. अन्न, पाणी, औषध त्यांनी आपणहून सोडले होते. मनूच्या वनवाटेचे याहून शुद्ध रूप विसाव्या शतकाने क्वचित पाहिले असेल. त्यानंतर महिनाभराने, १७ डिसेंबरला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने डी. एस. नकारा या संरक्षण खात्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याच्या याचिकेवर निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर ही दोन मराठी नावे त्या पीठावर होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. सरकारने १९७९ मध्ये पेन्शनीचे सूत्र सुधारले होते, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळले होते. न्यायालयाने ही तारखेची भिंत पाडली आणि स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाची कृपा नव्हे, ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वृद्धापकाळातल्या आर्थिक-सामाजिक न्यायाचे साधन आहे. १७ डिसेंबर हा दिवस तेव्हापासून पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. त्या वर्षी एकाने सारे सोडून दिले आणि दुसऱ्याने हक्क मागितला. दोघेही आपापल्या जागी स्वतंत्र होते, असे मला वाटते. विनोबांचा मार्ग मात्र ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्याच्यासाठी. ट्रेझरीच्या रांगेतल्या माणसाला तो सांगू नये.

रांगेबाहेरच्यांचे काय? ही यादी मोठी आहे. शेतमजूर, मोलकरणी, विणकर, हमाल, खडीगंमत आणि दंडारीचे कलावंत, झाडीपट्टीतले नट. कलावंत-साहित्यिकांसाठी राज्याने १९५४-५५ पासून मानधन सुरू केले, पण ते मिळणारे मोजके. २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ला आपण बापलेकांच्या नात्याची शोकांतिका म्हणतो. तिच्याकडे हिशेबनिसाच्या नजरेनेही पाहता येते: अप्पा बेलवलकरांना पेन्शन नव्हती आणि जे होते ते त्यांनी वाटून टाकले. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यातले तेविसावे कलम वाचताना हे नाटक आठवल्यावाचून राहत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. हा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, मुलांकडून महिन्याला कमाल दहा हजारांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो, आणि आईबापांना टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड. कौटिल्याचे बारा पण फिरून आले. त्या दरम्यान १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात आईबाप आले होते, आणि १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी लावलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी असल्याचे ठरवले होते. कायदा चांगला आहे. पण पोटच्या मुलावर अर्ज करायला लागणारे बळ ज्या म्हातारीजवळ आहे, तिची निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. बाकीच्या उंबरठा ओलांडत नाहीत.

त्या बाकीच्यांसाठी १९८० साली राज्याची संजय गांधी निराधार योजना आली, १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आली, तेव्हा महिन्याला ७५ रुपये. पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. तिचे पैसे ६०० वरून १,०००, आणि २०२३ पासून १,५०० झाले. वय पासष्ट, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. तहसील कचेरीतल्या बाकावर ‘श्रावणबाळचे आले का’ हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, तो आवाज हक्काचा नाही. बाकाबाईंचा होता तसा संतापाचाही नाही. १,५०० रुपयांत कोणी स्वतंत्र होत नाही हे खरे. तरी नातवाला दहा रुपये देण्याची ऐपत, बीपीची गोळी मागावी न लागणे आणि रामटेकच्या जत्रेला जाताना कोणाला न विचारणे एवढे त्यातून होते. शेवटच्या गोष्टीला २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीनेही हातभार लावला: पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत. घरी ‘आता बसा निवांत’ असे बजावलेली म्हातारी मंडळी तेव्हापासून गणेशपेठच्या स्थानकावर पाहावीत.

गिरणीचे काय झाले ते सांगायचे राहिले. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. दरम्यान खासगी कामगाराची सोय कायद्याने झाली होती: १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा, १९७१ ची कुटुंब पेन्शन आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची कर्मचारी पेन्शन योजना, लोकांच्या तोंडी ‘ईपीएस-९५’. तिचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पण पगाराला कमाल मर्यादा होती, आधी ५,०००, मग ६,५००, आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. महागाई भत्ता नाही. त्याच महिन्यापासून किमान पेन्शन १,००० ठरली. आयुष्यभर ज्याच्या पगारावर या फंडात पैसे भरले गेले तो कामगार, २०२३ पासूनच्या जाहीर दरात, एक पैसाही न भरलेल्या निराधाराच्या मागे पडला. सरकारी पेन्शनीला नकारा प्रकरणाने जे मिळवून दिले ते इथे पोचले नाही. बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून या पेन्शनरांनी साखळी उपोषण धरले. मागणी ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची. नागपूरचे भविष्य निधी कार्यालय रघुजीनगरात आहे. ज्या घराण्यापासून आपण सुरुवात केली, त्याच्याच नावाच्या वस्तीत गिरणी कामगाराचे हजार-बाराशे रुपये आजही तपासले जातात. जमशेटजींच्या फंडापासून इथपर्यंत यायला सव्वाशेहून जास्त वर्षे लागली. ही सगळी वाट चढणीचीच होती, असे म्हणता येत नाही.

सरकारी पेन्शनही जिंकलेल्या जागी थांबली नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद करून अंशदानाची योजना लावली. पैसे कापले जातील, बाजारात गुंततील, शेवटी जे होईल ते. मर्जी इथे परत आली. फक्त यावेळी ती राजाची किंवा मालकाची नव्हती, बाजाराची होती. कापणीच्या पावत्या पाहून लोकांना हे कळायला पंधरा वर्षे गेली, आणि मग नागपूर पुन्हा मध्यभागी आले. दर डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे भरते, तेव्हा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्यांचे मोर्चे आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघात सुधाकर अडबाले यांनी विद्यमान आमदार नागो गाणार यांना हरवले, तेव्हा हाच प्रश्न प्रचारात पुढे होता. पुढच्याच महिन्यात, १४ मार्चपासून, राज्यभर आठवडाभर संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘एकीकृत पेन्शन योजना’ मंजूर केली आणि राज्यानेही लगोलग तिला मान्यता दिली: पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचा अर्धा भाग. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली.

अर्धा पगार. शुक्रनीतीत चाळीस वर्षांच्या चाकरीला सांगितलेला भागही तेवढाच. २००५ च्या नोव्हेंबरनंतर पंचविशी-तिशीत लागलेले शिक्षक, परिचारिका, लिपिक आज पन्नाशीच्या आसपास आहेत. राज्याचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्न धरले तर त्यांची पहिली मोठी तुकडी २०३३ च्या पुढे घरी बसेल. जुनी मागत राहायचे, एकीकृत घ्यायची की अंशदानाच्या योजनेतच राहायचे, याचे हिशेब सध्या जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यांत आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मांडले जात आहेत.